डावीकडे वळलेला देठ

सव्वाचारच्या सुमाराला टेबलप्रमुख पिएरारसाहेबांनी आणखी एका मतपत्रिकेची घडी उलगडली आणि ती गठ्ठ्यावर न ठेवता चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेली. एवढंच झालं. शाळेच्या त्या जेवणघरात बाकी काही थांबलं नाही. शेजारच्या टेबलांवर कागद सळसळत होते, कुणीतरी शिंकलं, भिंतीत मुरलेला गाजराच्या सूपचा वास तसाच होता, आणि उंच खिडक्यांतून ऑक्टोबरचं पातळ ऊन तिरपं येऊन लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर पडलं होतं. त्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन गावातली मोठी माणसं गावाची मतं मोजत होती. आर्लेत कोल्माँ टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पक्षाची प्रतिनिधी म्हणून बसली होती. पिएरारसाहेबांनी कागद उजेडात धरला तेव्हा तिला तो मागून दिसला. उन्हात पारदर्शक झालेली नावांची लांब यादी, काळे चौकोन, आणि अगदी तळाशी, तेविसाव्या चौकोनात, लाल ठिपका. त्या ठिपक्यातून एक बारीक रेघ वर निघाली होती आणि जाता जाता उजवीकडे वळली होती. उजवीकडे, असं तिच्या मनाने नुसतं टिपलं. उजवीकडे म्हणजे आपल्यातलं कुणी नाही. मग पिएरारसाहेबांनी कागद टेबलावर ठेवला, सुलटा, तिच्याकडे तोंड करून, आणि रेघ डावीकडे वळली. शेवटी तिला एक इवलासा आकडा होता, मासे धरायच्या गळासारखा. आर्लेतच्या हातातली कागदी पेल्यातली कॉफी हलली नाही. तिच्या आत मात्र कुणीतरी वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीची खिडकी उघडली.

"ही संशयितांत," पिएरारसाहेब म्हणाले आणि ती मतपत्रिका एका निळ्या पुठ्ठ्याच्या घडीत सरकवली. संशयितांचा निवाडा सगळ्यात शेवटी करायचा, हा त्यांचा नेम. ते नोटरीच्या कचेरीत चाळीस वर्षं कारकून होते; घाईने उघडलेलं मृत्युपत्र आणि घाईने बाद केलेलं मत, दोन्ही माणसाला झोपू देत नाहीत असं ते म्हणायचे. मोजणी पुढे सुरू झाली. पण आर्लेतला आता आकडे ऐकू येत होते ते दूरच्या कालव्याच्या काठावरून आल्यासारखे.

ठिपका म्हणजे चेरी, रेघ म्हणजे तिचा देठ; ती चेरी तिने पहिल्यांदा पाहिली ती बशीवर. पांढऱ्या बशीच्या काठाला जोडीजोडीने चेऱ्या, ही गावातल्या चिनीमातीच्या कारखान्याची सगळ्यात खपणारी नक्षी होती. मॉर्व्हालच्या प्रत्येक घरात, गरिबाच्या आणि डॉक्टरच्या, त्याच चेऱ्यांत लोक जेवायचे. रंगकामाच्या लांब खोलीत ऐंशी माणसं ओळीने बसून दिवसभर चेऱ्या काढायची. सगळ्यांच्या चेऱ्या सारख्या दिसायला हव्यात असा मालकाचा हुकूम होता, आणि चेऱ्या सारख्या असायच्याही. पण देठ प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा ताठ, कुणाचा लाटेसारखा, कुणाचा तुटल्यासारखा. कुणी रंगवली ते कळायला मुकादमाला बशी उलटी करून बघावी लागत नसे. आर्लेतच्या बापाचा, उर्स्मार कोल्माँचा, देठ डावीकडे वळायचा आणि टोकाला आकडा घ्यायचा. गुरुवारी दुपारी शाळा नसली की बाप फुटक्या बश्या घरी आणी आणि आर्लेतला नि तिच्या थोरल्या भावाला, एडगारला, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून कुंचला धरायला शिकवी. "श्वास सोडताना ओढायचा," तो म्हणे. "श्वास घेताना ओढलात तर देठ घाबरतो." एडगारला बापाचा तो देठ एका दुपारी जमला. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, आर्लेत आठ. तिचा देठ कायम घाबरलेलाच राहिला. म्हणून एडगार कारखान्यात गेला आणि ती नगरपालिकेत टायपिस्ट झाली, तिथून पक्षात, तिथून सभागृहात. आयुष्याच्या दोन वाटा फुटल्या त्या अशा, एका श्वासावरून.

आणि निवडणुकीच्या रविवारी बाप नवा शर्ट घालून बाहेर पडे, परत आला की टोपी खुंटीला अडकवत म्हणे, "रंगवून आलो चेरी." काळ्या चौकोनातला पांढरा ठिपका लाल पेन्सिलीने भरायचा, एवढंच तर मतदान, उर्स्मारच्या लेखी ते दिवसभराच्या कामातलं सगळ्यात सोपं काम होतं. "पण देठ काढलास की नाही, बाबा?" एडगारने एकदा विचारलं होतं. बाप एकदम गंभीर झाला. त्याने खाली बसून मुलाचे दोन्ही खांदे धरले. "तिथे देठ काढायचा नाही. कधीच नाही. तिथे देठ काढला की माणूस ओळखू येतो, आणि माणूस ओळखू आला की मत मेलं." मग हसून म्हणाला, "तेवढी एकच चेरी अशी आहे की ती कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची आहे." आर्लेतला ते वाक्य पुढे कितीतरी भाषणांत वापरता आलं असतं, तिने कधी वापरलं नाही. काही वाक्यं माणूस देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखी झाकून ठेवतो.

"मादाम कोल्माँ, दोनशे सोळा. बरोबर?" पिएरारसाहेबांनी विचारलं.

"बरोबर," ती म्हणाली. खरं तर तिने मोजलेच नव्हते.

कॉफीसाठी दहा मिनिटं सुटी झाली तेव्हा रेनाल्द बोळातच उभा होता. रेनाल्द म्हणजे पक्षाच्या गावशाखेचा चिटणीस, चौतीस वर्षांचा, कधीही न जेवल्यासारखा दिसणारा. त्याने साखरेच्या टार्टचा तुकडा तिच्या हातात कोंबला आणि स्वतः खायचा विसरला.

"काठावर आहे, आर्लेत. शेवटची जागा अगदी काठावर. एकशे तीन वर्षं हे गाव आपल्याकडे आहे, आणि माझ्या हातून जाणार बघ. माझं नाव राहील इतिहासात, गाढव म्हणून."

"गाढवांची नावं राहत नाहीत, रेनाल्द. खा."

"तुमच्या टेबलावर संशयित किती?"

"तेरा."

"त्यातली आपली?"

"पाच."

"पाचही लढव. म्हातारं गाव आहे आपलं, हात थरथरतात लोकांचे, रेघ बाहेर जाते, एवढंच. तुला नवीन सांगायला नको." तो जवळ वाकला. "तू नुसतं म्हण, हात थरथरला. तुझा शब्द पिएरार मोडत नाही. तुझा शब्द या गावात कुणीच मोडत नाही."

टार्टचा घास तिच्या तोंडात वाळूसारखा झाला. तुझा शब्द. तेरा वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकासमोर एका लाकडी खोक्यावर उभी राहून तिने तो शब्द दिला होता. कारखाना बंद होऊ नये म्हणून आतमध्ये ऐंशी रंगारी भट्ट्यांच्या उबेला अकरा दिवस ठाण मांडून होते, बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आणि तिच्या हातात वरून आलेलं पत्र होतं: खरेदीदार सापडला आहे, कामगारांनी कारखाना मोकळा करावा. पत्र वाचताना तिला त्यातला एक शब्द टोचला होता. 'जवळजवळ.' खरेदीदार जवळजवळ सापडला आहे, असं लिहिलं होतं. थंडी होती, लोक वाट पाहत होते, पक्षाला त्या संध्याकाळी चांगली बातमी हवी होती. आणि तिने तो एक शब्द वाचला नाही. बस्स, एवढंच केलं तिने. खोटं असं काही बोललीच नाही. एक शब्द गिळला. आतून कुणीतरी ओरडलं, "कागदावर कोण विश्वास ठेवणार?" तेव्हा एडगार फाटकावर चढला, तिच्याकडे न बघता आत तोंड करून म्हणाला, "कागदावर नका ठेवू. ती माझी बहीण आहे. तिच्यावर ठेवा." माणसं बाहेर आली. तिसऱ्या आठवड्यात फाटकाला साखळी लागली. एडगारने लोकभवनाच्या, म्हणजे पक्षाच्या कचेरीच्या, पायरीवर पक्षाचं कार्ड चार तुकडे करून ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं, एकावर एक, नीट. आणि त्या दिवसापासून बहिणीशी एक अक्षर बोलला नाही. आईच्या दफनाच्या वेळी दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभी होती. बेकरीत गाठ पडली तर तो आपली पाळी सोडून मागे जाई. लोक सांगत, एडगार कोल्माँ आता कुणालाच मत देत नाही, मतदानाची सक्ती आहे म्हणून नुसता जातो आणि कोरा कागद घालून येतो. तिने ते खरं मानलं होतं. तेरा वर्षं तिने तो कोरा कागद छातीवर वागवला होता.

आणि आता तेविसाव्या चौकोनात, यादीच्या तळाशी, जिथे पक्षाने तिला मानाने शेवटची ठेवली होती, तिच्याच नावासमोर, देठ.

ती परत येऊन बाकावर बसली. ऊन भिंतीवर चढलं होतं आणि तिथे मुलांनी रंगवलेल्या कागदी माशांना सोन्याचं पाणी देत होतं. डोळे उघडे ठेवूनच ती कुठेतरी खाली खाली उतरत गेली, जिथे सगळं पाण्याखालच्यासारखं हळू चालतं. लाल घरातली मुलगी होती ती. जन्मली पक्षाच्या दवाखान्यात, वाढली पक्षाच्या सहकारी बेकरीच्या पावावर, नाचली पक्षाच्या बँडवर. समोरच्या गल्लीतली कॅथलिक मुलं दुसऱ्या शाळेत जात, दुसऱ्या डॉक्टरकडे, दुसऱ्या फुटबॉल संघात, जणू एकाच गावात दोन देश. पण आई सरहद्दीपलीकडून आलेली, कॅथलिक. गुड फ्रायडेला बाप लोकभवनात पत्ते खेळायला गेला की आई आर्लेतचा हात धरून देवळाच्या बाजूच्या लहान दारातून आत शिरे आणि खांबामागे उभी राही. फादर ऑदिलों तेव्हा फार म्हातारे झाले होते, बोलताना खोकत; पण गायला लागले की खोकला कुठे जायचा देव जाणे. उपदेशसुद्धा ते सुरातच करत. एका ओळीवर रेंगाळत, पुढची घाईने सोडून देत, मध्येच थांबून खांबामागच्या माणसाला ऐकू जाईल असं हळूच म्हणत. पकडलेल्या गुरूची कहाणी ते गात. अंगणात शेकोटी, थंडी, शिष्य हात शेकत बसलेला, आणि घरातली पोरगी त्याच्या तोंडाकडे निरखून विचारते: तूही त्याच्या माणसांतलाच ना? इथे फादरांचा आवाज इतका खाली जाई की देवळातल्या मेणबत्त्या पुढे झुकल्यासारख्या वाटत. शिष्याचं उत्तर ते गातच नसत. नुसतं बोलत, साध्या, रोजच्या आवाजात, भाजी आणायला आल्यासारखं. "मी ओळखत नाही त्याला." सूर नाही, काही नाही. खोट्याला चाल लागत नाही, एवढंच ते मग हसून सांगत आणि पुन्हा गायला लागत. लहानग्या आर्लेतला त्या शिष्याचा राग येत नसे. तिला वाटे, त्याला थंडी वाजत होती बिचाऱ्याला. शेकोटीपासून उठावं लागलं असतं.

"तर आता संशयित," पिएरारसाहेब म्हणाले.

एकेक कागद निघाला. एकावर कुणीतरी जाडजूड शिवी लिहिली होती, ती सगळ्यांनी आदराने वाचली आणि बाद केली. एकावर दोन याद्यांत ठिपके. एकावर कॉफीचा डाग. तो डाग म्हणजे खूण नव्हे, यावर एकमत झालं. समोरच्या यादीची प्रतिनिधी मादाम वोतिए, औषधांच्या दुकानाची मालकीण, प्रत्येक कागदाकडे चिठ्ठीवरच्या औषधाकडे बघावं तशी बघत होती. मग तो आला.

"हा बघा. ठिपका भरलेला, तेविसावं नाव. पण ही रेघ." पिएरारसाहेबांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाखवली.

"कुणा आजोबांचा हात घसरला असेल," मादाम वोतिए म्हणाली. ती दिवसभरात पहिल्यांदाच हसली. "वळण मात्र छान आहे हो घसरण्याला. माझी हरकत नाही, साहेब. आम्ही काही एका रेघेवर निवडणूक जिंकायला बसलो नाही."

म्हणजे बोलायचीही गरज नव्हती. आर्लेत नुसती गप्प राहिली असती तरी कागद लाल गठ्ठ्यात गेला असता, मत जिवंत राहिलं असतं, रेनाल्दच्या काठावर एक चिमूट माती पडली असती. पण पिएरारसाहेब चाळीस वर्षांचे कारकून. त्यांनी चष्मा नीट केला.

"मादाम कोल्माँ, नाव तुमचं आहे, म्हणून रीतसर विचारतो. ही नुसती रेघ आहे, की ही खूण तुमच्या ओळखीची आहे?"

खिडकीतलं ऊन नेमकं त्या वेळी कागदावरून सरकलं. आर्लेतला टेबलाखाली आपले पाय थंड पडल्यासारखे वाटले. रेघ म्हणायचं, म्हणजे त्या हाताला थरथरलेला म्हणायचं. उभ्या जन्मात ज्याचा देठ एकदाही घाबरला नाही, त्याला घाबरलेला म्हणायचं. एक शब्द गिळायचा. फार मोठा नाही, 'जवळजवळ'एवढाच. तिने श्वास घेतला, आणि मग आठवून, सोडला.

"ओळखीची आहे."

मादाम वोतिएने मान वर केली.

"कुणाची?" पिएरारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी लगेच हात वर केला. "नको, नको. विचारायचा हक्क नाही मला."

"मी सांगणारही नाही," आर्लेत म्हणाली. "पण ही रेघ नाही. हात थरथरलेला नाही. हे कुणीतरी मुद्दाम, अगदी नीट काढलंय, आणि मी ते ओळखते. लिहा तसं."

"म्हणजे मत बाद होतं, मादाम. तुमचंच."

"माहीत आहे मला. लहानपणापासून."

पिएरारसाहेबांनी कागदाच्या पाठीवर सही केली, अगदी सावकाश, आणि तो बाद मतांच्या पाकिटात घातला. पाकिटाचं तोंड बंद होताना तिला फाटकाची साखळी ऐकू आली नाही. तिला फक्त मुलांच्या बाकाची कुरकुर ऐकू आली.

निकाल सहाच्या आसपास फळ्यावर खडूने लिहिला गेला, कारण पडदा चालेना. शेवटची जागा सतरा मतांनी गेली. तेवीस जागांपैकी अकरा, बहुमताला एक कमी. एकशे तीन वर्षांत पहिल्यांदा. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. पक्षाची माणसं दवाखान्याच्या बोळात उभं राहावं तशी भिंतीला टेकून उभी राहिली. रेनाल्द तिच्याजवळ आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"तू स्वतः बाद केलंस? स्वतःच्या तोंडाने?"

"हो."

"का पण, आर्लेत?"

"माझा शब्द या गावात कुणी मोडत नाही, म्हणालास ना? मग जरा जपून वापरायला हवा."

तो भिंतीशी बसला आणि खिशातून चुरगळलेला टार्टचा तुकडा काढून हळूहळू खायला लागला. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर पडली.

अजून उजेड होता. कालव्याचं पाणी दुधी झालं होतं आणि त्यात पलीकडच्या काठावरच्या भट्ट्यांची धुराडी उलटी उभी होती. खरी धुराडी केव्हाच पाडली असावीत आणि पाण्याला कुणी कळवलं नसावं, असं क्षणभर वाटलं. आपण पाण्यावर चालतोय की काठावर, हेही तिला नीट कळत नव्हतं. पाय आपापले जात होते. तेरा वर्षं जी गल्ली तिने वळसा घालून टाळली, तिथे ते न विचारता वळले. एडगारच्या खिडकीत दिवा होता. आतला रेडिओ गावागावांचे आकडे सांगत होता. तिने दार वाजवलं, रेडिओ बंद झाला, आणि दारात एडगार उभा राहिला. एकाहत्तर वर्षांचा, स्वेटरची कोपरं झिजलेली, हात मात्र तसेच, स्थिर.

"हरलात," तो म्हणाला. तेरा वर्षांनंतरचं पहिलं अक्षर.

"सतरा मतांनी."

"ऐकलं."

"त्यातलं एक मी बाद केलं, एडगार. नाव नाही सांगितलं. पण ओळखते म्हणाले. तुझं मत मेलं."

तो चौकटीला हात टेकून तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता तो दार लावील, आणि लावलं तरी हरकत नाही.

"मागच्या दोन्ही वेळी कुणी ओळखलं नाही वाटतं," तो म्हणाला.

"मागच्या दोन्ही वेळी?"

"बारा साली. अठरा साली. दर वेळी तुझ्या नावासमोर. तू कुठल्या टेबलावर बसशील ते थोडंच माहीत असतं."

"आणि ती मतं? मोजली गेली?"

"कुणास ठाऊक. कुणीतरी म्हणालं असेल, म्हाताऱ्याचा हात थरथरला, आणि टाकली असतील तुमच्या पक्षाच्या गठ्ठ्यात." तो खांदे उडवून म्हणाला, "मोजली असतील तर फुकट गेली. नुसता ठिपका भरला तर मत पक्षाला जातं ना? पक्षाला काही द्यायचं नव्हतं मला. तुला द्यायचं होतं."

आर्लेतने भिंतीला हात लावला. भिंत आतल्या शेगडीने कोमट होती.

एडगारने दार पुरतं उघडलं. आत टेबलावर चेऱ्यांच्या काठाच्या दोन बश्या पालथ्या घातलेल्या होत्या. दोन, तिने ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

"आजचं पोचलं म्हणायचं," तो म्हणाला. "देठ कसा आला होता?"

"आकडा जरा बोथट होता."

"पेन्सिल त्यांची," एडगार म्हणाला. "दोरीने बांधलेली असते. हात वळायला जागा कुठे?" आणि त्याने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली.